परवानगीचा जोगवा

अंबरनाथ पश्चिम,
रविवार, १३ सप्टेंबर १९८७

ती. सौ. कुंदावहिनींस, सा. न. वि. वि.

दोन वर्षांनी पत्र लिहिते आहे, त्याची माफी आधी मागते. मधे दिवाळीची छापील कार्डं टाकली, पण त्याला पत्र म्हणता येत नाही. 'कामाच्या व्यापात राहून गेलं' असं वाक्य लिहून खोडलं आहे, ते तुम्हाला वर दिसेलच. व्याप नव्हता. आधी राग होता, मग राग ओसरल्यावर सुरुवात कशी करावी हे सुचेना.

आम्ही सगळे बरे आहोत. बरे म्हणण्याच्या थोडे पुढेच आहोत. नव्या इमारतीत ऊन येतं, पाणी वेळेवर येतं. माझं कॉलेज उल्हासनगरात असल्यामुळे लायब्ररी सुटली की दिवेलागणीच्या आत घरी असते. श्यामकांतचं वजन वाढलं आहे आणि ते मान्य करत नाहीत. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. आता त्या पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात आणि मी आले की विचारतात, "हे तुम्हा लायब्ररीवाल्यांना ठाऊक होतं का गं?"

एक बातमी म्हणजे मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी झाले आहे. कुणालाच नको होतं ते काम. मला मात्र आवडतं. नोटीस लिहिताना शब्द नेमका बसला की मला दिवसभर बरं वाटतं. हा गुण की दोष ते ठरवायचं आहे.

जुलैमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या उमा प्रधानांकडे टाय लावलेली दोन माणसं आली. भांडी चकाचक करणारी पावडर विकत होती. आधी तांब्या घासून दाखवला, मग समई, मग म्हणे, "बहेनजी, पाटल्या भी दीजिए." पाटल्या कसल्याशा पाण्यात बुडवून हळदीच्या फडक्यात गुंडाळून दिल्या, थोड्या वेळाने उघडा म्हणाले. उघडल्या तेव्हा पाटल्या होत्या, पण सोनं बरंचसं त्या पाण्याबरोबर गेलं होतं. उमाच्या आईच्या पाटल्या होत्या त्या. उमा आता दिवसासुद्धा दाराला साखळी लावून बसते, बेल वाजली की दचकते.

गणपतीच्या तोंडावर अनाथाश्रमाचं पावतीपुस्तक घेऊन आणखी दोघे आले. आमचे चेअरमन गुप्ते निवृत्त आहेत, आवाज मोठा, चौकशीची आवड त्याहून मोठी. त्यांनी पावतीवरच्या पत्त्याचा शोध घेतला. तिथे, उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये, मिठाईचं दुकान निघालं. आश्रम नाहीच. गुप्ते येताना पेढे घेऊन आले, तेवढं एक चांगलं झालं.

मग मी नियम लिहिला. सभेत वाचून दाखवला, सगळ्यांनी हात वर केले. आता फाटकाशी निळ्या फलकावर पांढऱ्या अक्षरांत तो आहे: 'या इमारतीत दारोदार जाऊन कोणतीही वस्तू विकण्यास, तसेच वर्गणी, देणगी, दान अथवा भिक्षा मागण्यास सक्त मनाई आहे. हा नियम रहिवासी व बाहेरील व्यक्ती, सर्वांना लागू राहील.'

'दान अथवा भिक्षा' हे माझे शब्द. 'रहिवासी' हा शब्दही मीच घातला. आमच्या शेजारच्या मूलचंदानी भाभी कॅम्पातून नाइटी आणून घरोघर विकतात. सभेत त्या म्हणाल्या, "पण आम्ही तर घरचेच ना? हमको काहे की मनाई?" मला वाटलं, नियम आहे तर सगळ्यांना सारखा हवा, नाहीतर त्याला अर्थ नाही. भाभींनी तोंड वाकडं करून हात वर केला. गुप्ते म्हणाले, "सेक्रेटरीबाई, तुम्ही तर राज्यघटनाच लिहिलीत!" मी खूश झाले. चिखलोलीहून भाजी आणणारी बनूबाई आता फाटकाबाहेर बसून वर ओरडते, "माठ घ्या गो, माठ! वर येवाला बंदी हाय!" तिला ऐकू येईल असं मी गॅलरीतून हसते आणि खाली उतरून भाजी घेते.

इतकं सगळं लिहिलं, पण ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते अजून लिहिलेलंच नाही.

काल आईंनी श्यामकांतना माळ्यावरून परडी काढायला लावली.

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण लिहून काढल्याशिवाय मला काही नीट दिसत नाही. नवरात्रापासून पौर्णिमेपर्यंत एखाद्या मंगळवारी किंवा शुक्रवारी परडी घेऊन पाच घरच्या दारात उभं राहायचं, अंबाबाईच्या नावाने कोरडं पीठ मागायचं, आणि घरी येऊन त्याच पिठाची भाकरी करायची. आईंच्या सासूने केलं, आईंनी केलं. गेल्या वर्षी मामांचं सुतक होतं, त्याआधी डोळ्याचं ऑपरेशन. आई म्हणाल्या, "दोन वर्षं देवीनंच अडवलं, ते ठीक. या वर्षी जोगवा चुकला तर मग तो माझ्या हातनं मोडला." चहा गाळता गाळता बोलल्या, पण गाळणं तसंच हातात धरून थांबल्या.

कुठल्या पाच घरी, ते मी विचारलं नाही. या इमारतीतल्याच. आणि खाली फलक आहे.

आई जबलपूरला तुमच्याकडे राहत होत्या तेव्हा तुम्ही त्यांना म्हणाला होतात, "साहेबांची आई कॉलनीत पीठ मागत फिरते, हे शोभतं का?" त्यावरून आई आमच्याकडे निघून आल्या. तेव्हा मी तुम्हाला जे पत्र लिहिलं ते मला पाठ आहे. तुम्हालाही असेल. वहिनी, तुम्ही रागाच्या भरात तोंडाने बोललात. मी तेच शांतपणे सभा बोलावून, ठराव करून, रंगवून घेतलं.

आईंना अजून काही सांगितलेलं नाही. भाऊजींना नमस्कार.

सुनेत्रा


रविवार, २० सप्टेंबर

ती. सौ. कुंदावहिनींस, सा. न.

तुमचं कार्ड काल मिळालं. पूर्ण कार्डावर एकच ओळ: 'आता कळलं?' दोन वर्षांनी तुमचं अक्षर बघून इतका आनंद झाला की ओळ टोचायला थोडा वेळ लागला. टोचली मात्र बरोबर जागी.

मी आईंना सांगायला गेले तर त्यांनी फलक लावला त्याच दिवशी वाचला होता.

"मग बोलला का नाहीत?"

"तू हौसेनं लावलास. शिवाय त्या प्रधानांच्या पोरीचं नुकसान झालेलं. म्हटलं, बघू, तुलाच कधी आठवतंय."

श्यामकांतना यात काही अवघड वाटत नव्हतं. "शेजारच्या इमारतीत जा की. तिथे फलक नाही."

"आपल्या दारात बंदी करायची आणि दुसऱ्याच्या दारात मागायला जायचं? तुला शाळेत हेच शिकवलं का रे?"

ते पेपर घेऊन गॅलरीत गेले.

मी म्हटलं, "आई, तुम्ही खुशाल जा. तुम्हाला कोण अडवणार आहे?"

"कोणी नाही अडवणार. म्हणून तर जायचं नाही. सुनेनं नियम करायचा आणि सासूनं मोडायचा, मग उद्या भाभींनी नाइट्यांचं गाठोडं घेऊन का फिरू नये? पाटी आहे तोवर मी उंबरा ओलांडायची नाही."

मी गुप्त्यांकडे गेले. माझ्याच नियमाला सवलत मागताना जीभ अडखळत होती. गुप्त्यांना मात्र उत्साह आला. संध्याकाळी ते स्वतः लेटरहेडवर टाइप केलेला कागद घेऊन घरी हजर. त्यात होतं: 'श्रीमती अमुक यांस धार्मिक कारणास्तव एक दिवसापुरती, सायंकाळी पाच ते सात या वेळेत, इमारतीत जोगवा मागण्याची परवानगी देण्यात येत आहे.' खाली सही, शिक्का. आईंनी त्यांना चहा दिला, चष्मा लावून कागद वाचला.

"गुप्ते, हा घेऊन मी तुमच्या दारात उभी राहिले, तर तुमची सून मला नाही म्हणू शकेल का?"

"छे छे, नाही कशी म्हणेल? परवानगी आहे ना!"

"मग तो जोगवा नाही हो. ती वसुली."

"काकू, देवीच्या कामाला वसुली म्हणता?"

"देवीच्या कामाला नाही, तुमच्या शिक्क्याला."

गुप्ते मोठ्याने हसले. पण जाताना कागद खिशात घालून घेऊन गेले आणि दारात मला हळूच म्हणाले, "म्हातारी वकील व्हायची राहिली."

दुसऱ्या दिवशी मूलचंदानी भाभी आल्या. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. "मांजी, तुम्ही खाली खुर्चीवर बसा. हम सब आटा लेके नीचे आएंगे. मी सगळ्यांना सांगते. आरती पण करू. नियम भी नहीं टूटेगा." मला ही युक्ती इतकी पसंत पडली की मी लगेच मनात नोटिशीचा मसुदा करू लागले.

आईंनी भाभींचा हात हातात घेतला. "भाभी, तुमचं मन मोठं आहे. पण तुम्ही आणून दिलंत तर ते वाण झालं. मी खुर्चीत आणि तुम्ही उभ्या? यात मागितलं कुणी? दुसऱ्याच्या दारात आपण उभं राहायचं, आतल्या माणसाला वाटलं तर देईल, नाही वाटलं तर नाही. तेवढं पाच वेळा सोसायचं. बाकी काही नाही त्यात."

भाभी मला म्हणाल्या, "तेरी सास बहुत टेढ़ी है," आणि आईंच्या पाया पडून गेल्या.

मला दोन दिवस वाटत होतं की हा हट्ट आहे. मग लायब्ररीत एका मुलीला मी 'हे पुस्तक मिळणार नाही' असं सांगितलं आणि ती 'बरं' म्हणून मान खाली घालून गेली. मी उठून तिला हाक मारली, दुसरी प्रत शोधून दिली. शेवटचं कधी कुणाच्या टेबलासमोर मी तशी उभी राहिले होते, ते मला आठवेना. मागायची वेळच येऊ नये अशीच मी माझी सगळी व्यवस्था लावली आहे. देवीचं मला काही कळत नाही. हे मात्र कळलं.

नियम मोडायचा नाही आणि सवलतही घ्यायची नाही, म्हणजे आता नियमच बदलावा लागेल. पण तो उमासाठी केला आहे. तिच्याशी बोलल्याशिवाय मला तोंड उघडता येणार नाही, आणि बोलायची भीती वाटते आहे.

आईंना तुमचं कार्ड दाखवलं. त्यांनी ते देवाजवळ ठेवलं. का, ते विचारलं नाही.

सुनेत्रा


रविवार, २७ सप्टेंबर

ती. सौ. कुंदावहिनींस, सा. न.

परवाचा शुक्रवार गेला. आईंनी परडी पुसली, तिला हळदीकुंकू लावलं आणि परत फळीवर ठेवली. माझी चूक काढली असती तर मला सोपं गेलं असतं.

काल मी उमाकडे गेले. बेल वाजवली नाही, बाहेरून नाव घेतलं. दार साखळीपुरतं उघडलं. तिला मी आत घ्यायला सांगितलं नाही आणि तिनेही घेतलं नाही, आम्ही तशाच त्या फटीतून बोललो.

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकूंबद्दल माझं काही नाही. पण आज काकूंची देवी, उद्या आणखी कुणाचे बाबा, परवा भाभींच्या नाइट्या. मग ती टायवाली माणसं. दर वेळी बेल वाजली की मी आधी साखळी तपासते. तुम्ही पाटी लावलीत तेव्हा मी किती दिवसांनी दुपारी झोपले होते माहितेय?"

मला माहीत नव्हतं. वहिनी, मी तो नियम उमासाठी केला असं सगळ्यांना सांगत आले, पण त्यानंतर एकदाही तिला विचारलं नव्हतं की आता बरं वाटतं का. मला त्या नियमाचं वाक्य आवडलं होतं.

मी म्हटलं, "उमा, तुझं दार कुणीच वाजवायचं नाही. मीसुद्धा नाही, आईसुद्धा नाहीत. पण दुसऱ्यांची दारं त्यांच्यावर सोडू या का?"

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्या इमारतीच्या वतीने 'नाही' म्हणायचं मी बंद करते. तुझं 'नाही' तुझ्या दारावर लिहू."

ती म्हणाली, "माझी पाटी खरंच पाळतील सगळे? तुम्ही सांगाल त्यांना?"

"सांगेन."

"मग मी सभेत विरोध करणार नाही. हात पण वर करणार नाही. चालेल?"

चालेल म्हटलं. याहून प्रामाणिक मत मी सोसायटीत पाहिलेलं नाही.

आज सकाळी गच्चीत सभा झाली. मी ठराव मांडला: बाहेरच्या विक्रेत्यांनी आणि वर्गणीवाल्यांनी फाटकाशी थांबावं, वॉचमन नाथाने वर हाक द्यावी, हवं असेल त्याने खाली जावं. इमारतीतल्यांनी एकमेकांच्या दारी जायला हरकत नाही. ज्याला कुणीच नको असेल त्याने दारावर पाटी लावावी, ती सगळ्यांनी मानावी.

गुप्ते म्हणाले, "सेक्रेटरीबाई, महिन्याभरात घटनादुरुस्ती?"

"चुकलं होतं म्हणून."

"काय चुकलं होतं, ते इतिवृत्तात लिहू का?"

"लिहा. 'रहिवासी' हा शब्द जास्त झाला होता."

भाभी मागून ओरडल्या, "मतलब नाइटी चालू?"

"चालू," गुप्ते म्हणाले. गच्चीवर एवढा हशा झाला की नाथा धावत वर आला. त्याला नवा नियम समजावला तर तो म्हणाला, "आधीचा बरा व्हता बाई. कुनालाच सोडायचं न्हाय, डोक्याला ताप न्हाय." उमाने ठरल्याप्रमाणे हात वर केला नाही. ठराव मंजूर झाला.

मी धावतच खाली येऊन आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि प्रधानांची पोर?" मी तेही सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "हां. आता ठीक."

येत्या शुक्रवारी दसरा आहे. त्या दिवशी जाणार.

सुनेत्रा


रविवार, ४ ऑक्टोबर

ती. सौ. कुंदावहिनींस, सा. न.

तुमचं दुसरं कार्ड गुरुवारी आलं. 'परडीची कड डावीकडे सुटली होती. मी तिकडे लोकरीने बांधली होती, पक्की आहे का बघून घ्या.'

मी परडी खाली काढून पाहिली. डावीकडे निळ्या लोकरीचे टाके आहेत, इतके बारीक की इतके दिवस ते मला नक्षीचेच वाटत होते. पक्के आहेत. मग मी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, थोरलीनंच बांधली. त्याच वर्षी, आमचं भांडण व्हायच्या आधी. बांधून दिली आणि आठ दिवसांनी म्हणाली जाऊ नका." दोन वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं. तुम्हाला मी किती अर्धवट ओळखत होते, त्याबद्दल इथे लांबलचक काही लिहिणार नाही. तुम्हाला ते आवडत नाही, एवढं तरी मला माहीत आहे.

आता दसऱ्याचं. सकाळी आईंचा गुडघा सुजला. पलंगावरून खाली पाय टेकवेना. मंगळवारपर्यंत थांबू म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, जिना पंधरा दिवस नाही. पौर्णिमा बुधवारी. आईंनी मला जवळ बोलावलं.

"हे खरं थोरलीचं काम. ती इथं नाही तर तू जा."

"आई, मी देवीबिवी मानत नाही, तुम्हाला माहितेय."

"मानायचं कुठं आहे? मागायचं आहे."

मी नऊवारी नेसले नाही, आईंनीही आग्रह केला नाही. नेहमीची साडी, कपाळाला कुंकू, हातात परडी. निघताना श्यामकांत म्हणाले, "मी येऊ का बरोबर?" आणि आई म्हणाल्या, "तू कशाला? बंदोबस्ताला?"

पहिलं दार भाभींचं. सगळ्यात सोपं म्हणून तेच निवडलं होतं. भाभींनी दार उघडलं. ज्या बाईला मी भर सभेत नियम वाचून दाखवला होता तिच्या दारात मी टोपली घेऊन उभी.

"हां, बोलो?" त्या म्हणाल्या. सगळं ठाऊक असून.

"भाभी... जोगवा."

"ऐसे नहीं. मांजी जैसे बोलना है वैसे बोलो."

मग मी बोलले. "अंबाबाईचा जोगवा!" आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, जिन्यात घुमला. खालून नाथाने विचारलं, "काय झालं बाई?" भाभींनी डोक्यावर पदर घेतला, दोन ओंजळी भरून पीठ घातलं, नमस्कार केला. आणि दार लावता लावता म्हणाल्या, "रसीद नहीं दोगी?"

गुप्त्यांच्या सुनेने ज्वारीचं पीठ घातलं. मागे गुप्ते उभे. मला वाटलं आता त्या परवानगीच्या कागदाबद्दल काहीतरी बोलतील. त्यांनी फक्त चपला काढून बाजूला ठेवल्या.

उमाच्या दारावर नवी पाटी होती: 'कृपया बेल वाजवू नये.' तिच्याच अक्षरात. मी वाचली आणि पुढे गेले. आतून टीव्हीचा आवाज येत होता. दुपारी झोप लागत असेल अशी आशा आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराने तांदळाचं पीठ दिलं, दुसऱ्याने गव्हाचं. त्यांच्या समोरच्या घरात नवे भाडेकरू आले आहेत. मी बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, परडीकडे पाहिलं आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाल्या, "नको हो, आमच्याकडे अगरबत्ती आहे," आणि दार लावलं.

वहिनी, मी त्या बंद दारासमोर उभी राहिले. कान तापले. मी या इमारतीची सेक्रेटरी आहे, एम.ए. आहे, विकायला आलेली नाही, हे सगळं त्या दाराला सांगावंसं वाटलं. हात बेलकडे गेलाही. मग मी तो खाली घेतला. त्यांना नको होतं, त्यांनी सांगितलं, संपलं. जिन्याच्या वळणावर आल्यावर मला हसू आलं, आणि इतकं आलं की परडी दोन्ही हातांनी धरावी लागली. अंग एकदम हलकं वाटत होतं. कशामुळे, ते नीट सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही.

अजून एक घर राहिलं होतं. तळमजल्यावर कारखान्यातले तिघे तरुण राहतात. त्यांच्यातला बाळा दारात आला. दसऱ्याची सुट्टी, अंगात बनियन.

"काकू, पीठ नाही हो, आम्ही खानावळीत जेवतो. पोहे चालतील?"

मला माहीत नव्हतं. "चालतील," मी म्हटलं. कोणत्या अधिकाराने, देव जाणे. त्याने आत जाऊन शर्ट घातला, मग डबा घेऊन आला आणि सगळा डबा परडीत उपडा केला.

घरी आले तर आई दाराकडे तोंड करून बसलेल्या. परडीत काय आहे ते विचारलं नाही. विचारलं, "कुणी नाही म्हणालं का?"

"एकीने. तिला वाटलं मी अगरबत्ती विकते."

आई पलंगावर हात आपटून हसल्या. गुडघा विसरल्या. "बरं झालं," म्हणाल्या. "सगळ्यांनी दिलं असतं तर तुला वाटलं असतं तू सेक्रेटरी म्हणून दिलं."

चार घरची पिठं, त्यात पोहे. मी पोहे मिक्सरमधून काढले, तरी भाकरी तव्यावर तीन ठिकाणी फाटली. आईंनी पलंगावरून सूचना दिल्या, त्यातली एकही मला जमली नाही. आम्ही तिघांनी ती तूप लावून खाल्ली. श्यामकांतनी आणखी मागितली, वजनाचा विषय मी काढला नाही. आईंनी देवाकडे बघून हात जोडले, मग म्हणाल्या, "चला. माझ्या हातनं मोडला नाही." नंतर बसल्या जागी इतक्या गाढ झोपल्या की चष्मा मी काढला तरी कळलं नाही.

पीठ बरंच उरलं आहे. आज सकाळी मी ते भाभींकडे द्यायला निघाले तर आईंनी थांबवलं. हे पीठ घरातल्यांनीच खायचं असतं म्हणे, बाहेर द्यायचं नाही. "थोरलीचा आणि शरदचंद्रचा वाटा काढ," म्हणाल्या.

"पण आई, जबलपूरला नेणार कोण?"

"पोस्ट नाही का?"

म्हणून एका कापडी पिशवीत तुमचा वाटा भरून ठेवला आहे. त्यात पोहे आहेत, भाकरी फाटेल, हे आधीच सांगते. तुम्हाला नको असेल तर परत पाठवा, वहिनी. मनापासून लिहिते आहे. तुमचं दार आहे, मी नुसती मागते आहे.

आईंचा आशीर्वाद. भाऊजींना नमस्कार.

तुमची
सुनेत्रा

ता. क. पत्राबरोबरच पिशवी पाठवणार होते. पण पीठ पार्सलने पाठवायला टपालखात्याची मनाई आहे की नाही, ते मला ठाऊक नाही. उद्याचं काम: पोस्टात जाऊन विचारणे.